मोतीबिंदूच्या नोंदवहीबाहेरचे डोळे

डब्लिनहून दक्षिणेकडे जाणाऱ्या जुन्या राजरस्त्यावर, राजधानीपासून तीस-पस्तीस किलोमीटरांच्या अंतरावर, किल्डेअर परगण्याचे मुख्य ठाणे असलेले नास हे गाव वसले आहे. प्राचीन काळी लेन्स्टरच्या राजांच्या सभा जेथे भरत, तेथे आज 26,000 च्या आसपास लोकवस्ती आहे. भोवताली घोड्यांच्या पैदाशीची विस्तीर्ण कुरणे आहेत, जवळच पंचेस्टाउनचे शर्यतीचे मैदान आहे, आणि कारखाने, संशोधनकेंद्रे व इस्पितळे यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने या भागात येऊन स्थिरावलेल्या भारतीय कुटुंबांत काही मराठी घरेही आहेत. या घरांतून आईवडील दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी येतात, आणि त्यांची जी तक्रार लवकरच कानी पडते ती डोळ्यांच्या पाण्याची असते: घराबाहेर पाऊल टाकले की डोळे भरून वाहू लागतात, चष्म्याच्या काचा ओल्या होतात, आणि पदराने वा हातरुमालाने ते पाणी टिपता टिपता पापणीची कड लाल होऊन जाते. मुलगा म्हणतो, इथला वाराच तसा आहे. आई म्हणते, आता माझे वय झाले. आणि या दोन उत्तरांत प्रकरण निकालात निघते.

वारा आणि वय यांचा त्यात काही वाटा असतोच. परंतु पुष्कळदा मूळ कारण सैल पडून बाहेर कललेल्या खालच्या पापणीत किंवा डोळ्यातून नाकाकडे जाणाऱ्या बुजलेल्या नळीत असते, आणि ते कारण शस्त्रक्रियेने दूर होण्यासारखे असते. पापणी, अश्रुमार्ग आणि डोळ्याची खोबण यांवरील शस्त्रक्रिया ही नेत्रवैद्यकाची एक स्वतंत्र आणि कष्टसाध्य शाखा आहे. नेत्रविशारद झाल्यावरही तिच्यासाठी आणखी निराळे अध्ययन करावे लागते. या शाखेविषयी समाजाची आणि सरकारी खात्यांची जी समजूत होऊन बसली आहे ती अशी की, डोळा म्हणजे बुबुळ, भिंग आणि आतला पडदा, आणि त्याभोवती जे काही आहे ते शोभेचे. ही समजूत चुकीची आहे, आयर्लंडसारख्या सधन देशातील रुग्णांसही ती भोवते आहे, आणि महाराष्ट्रातील गरीब रुग्णांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, वाट्याला तिच्यामुळे जे दुःख येते ते टाळता येण्यासारखे असूनही टाळले जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पापणी काय करते, याचा क्षणभर विचार करावा. जागेपणी ती मिनिटागणिक दहा-पंधरा वेळा मिटते आणि प्रत्येक वेळी बुबुळावरील पारदर्शक पडद्यावरून अश्रूंचा एक अतिसूक्ष्म थर पसरवून जाते. वापरून झालेले अश्रू नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेवर असलेल्या दोन बारीक छिद्रांतून आत ओढले जातात, तेथून अश्रुपिशवीत जमतात, आणि पुढे हाडातील मार्गाने नाकात उतरतात, म्हणून तर रडताना नाक वाहू लागते. पापणी उचलली गेली नाही तर निर्दोष डोळाही झाकलेलाच राहतो. ती पूर्ण मिटली नाही तर पारदर्शक पडदा कोरडा पडून त्यावर व्रण होतात. ती आत वळली तर तिचेच केस त्या पडद्यास अहोरात्र घासत राहतात. आणि ती बाहेर वळली तर अश्रू टिपून घेणारे छिद्र डोळ्यापासून दूर सरते व पाणी गालावर ओघळते. सारखे पुसण्याने सैल पापणी आणखी सैल होते, हे तर रुग्णास कोणी सांगतही नाही. डोळ्याची खोबण सात हाडांच्या सांध्यांनी बनलेली असून तिची नाकाकडील भिंत कागदासारखी पातळ आहे. घोड्याची लाथ असो किंवा हर्लिंगच्या खेळातील कठीण चेंडू असो, समोरून बसलेला आघात या पातळ भिंती मोडू शकतो. आयर्लंडच्या त्या देशी खेळात शिरस्त्राण सर्वांस सक्तीचे करावयास 2010 साल उजाडावे लागले. ज्या अवयवांवर दृष्टीचे रक्षण सर्वस्वी अवलंबून आहे त्यांस शोभेचे मानणे हे शरीरशास्त्राच्या प्राथमिक ज्ञानाशीही विसंगत आहे.

नासच्या परिसरात बसून हा विषय लिहावयास घेण्याचे आणखी एक कारण असे की, या शाखेच्या इतिहासातील दोन महत्त्वाची वर्णने याच भूमीत लिहिली गेली. नासवरून जाणारा राजरस्ता पुढे पोर्टलीश या गावाकडे जातो. त्या गावाच्या परिसरात जन्मलेल्या आणि पुढे डब्लिनच्या शल्यविद्यालयात अध्यापक झालेल्या आर्थर जेकब यांनी 1827 मध्ये एका विलक्षण व्रणाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा व्रण पापण्यांवर आणि चेहऱ्याच्या इतर भागांवर होतो, वर्षानुवर्षे अतिशय संथपणे वाढतो, दूरच्या अवयवांत सहसा पसरत नाही, परंतु जेथे होतो तेथील मांस आणि अखेर हाडही खाऊन टाकतो, असे त्यांनी पाहिले. पुढे दीर्घकाळ तो जेकबचा व्रण याच नावाने ओळखला जाई. आज आपण त्यास त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार म्हणून ओळखतो. गोऱ्या, उन्हाने चटकन भाजणाऱ्या कातडीच्या या देशात त्वचेचा कर्करोग हा सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे, आणि खालची पापणी ही त्या व्रणाची आवडती जागा आहे. तो पुरता कापून काढावयाचा, कडा निर्मळ असल्याची खात्री करावयाची, आणि मग उरलेल्या पोकळीत मिटणारी, उघडणारी, डोळ्यास झाकणारी पापणी पुन्हा घडवावयाची, हे काम ज्याने पाहिले असेल तो त्यास सौंदर्यवर्धन म्हणण्याचे धाडस करणार नाही.

आपल्याकडील स्थिती थोडी निराळी आहे, आणि वाचकांनी ती ध्यानात ठेवावी असा माझा आग्रह आहे. भारतीयांच्या पापण्यांत, कडेजवळील तेलकट ग्रंथींपासून उद्भवणारा एक अधिक दुष्ट कर्करोग पाश्चात्त्यांच्या मानाने पुष्कळ अधिक प्रमाणात आढळतो. आरंभी तो रांजणवाडीसारखा किंवा पापणीतील साध्या गाठीसारखा दिसतो, आणि त्याच समजुतीखाली महिनोन्महिने मलमे लावली जातात. उतारवयात एकाच जागी पुन्हा पुन्हा उठणारी, कापूनही परत येणारी, किंवा पापणीचे केस गाळून टाकणारी गाठ ही रांजणवाडी समजून सोडून देऊ नये. तिचा तुकडा तपासून घ्यावा.

दुसरे वर्णन रॉबर्ट ग्रेव्हज या डब्लिनच्या वैद्याचे. 1835 मध्ये त्यांनी अशा स्त्रीरुग्णांची हकीकत लिहिली, ज्यांचा गलगंड वाढला होता, हृदयाची धडधड थांबत नव्हती, आणि ज्यांच्यातील एकीचे डोळे खोबणीतून इतके पुढे आले होते की झोपेतही पापण्या मिटत नसत. थायरॉइड ग्रंथीच्या या रोगास आज जगभर त्यांचेच नाव आहे. यात खोबणीतील स्नायू आणि चरबी सुजते, हाडांच्या बंदिस्त जागेत डोळ्यास मागे सरावयास वाव राहत नाही, आणि सूज फार झाली तर दृष्टीची मज्जाच चेपली जाते. अशा वेळी खोबणीच्या एकदोन भिंती काढून सुजेस मोकळी जागा करून देणे हा दृष्टी वाचविण्याचा मार्ग ठरतो. धूम्रपानाने हा नेत्रविकार बळावतो, हे निश्चित झाले आहे, आणि कामाच्या ठिकाणी धूम्रपानास देशभर बंदी घालणारे पहिले राष्ट्र होण्याचा मान 2004 मध्ये आयर्लंडने मिळविला, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे.

याहीपेक्षा मनास अधिक भिडणारे प्रकरण दुष्काळाच्या वर्षांतले आहे. बटाट्याच्या पिकाच्या नाशाने 1845 पासून या देशावर जे संकट कोसळले, त्यात अन्नास मोताद झालेली लक्षावधी माणसे सरकारी अनाथगृहांत कोंबली गेली, आणि त्या गर्दीत, अस्वच्छतेत व उपासमारीत डोळ्यांच्या साथी उसळल्या. नासचे आजचे सार्वजनिक रुग्णालय ज्या जागी उभे आहे तेथेही त्या काळी असेच अनाथगृह होते. टिपरेरी आणि ॲथलोन येथील अनाथगृहांतील नेत्ररोगाची साथ स्वतः पाहून तिच्यावर 1851 मध्ये निरीक्षणे प्रसिद्ध करणारे विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे नेत्रशल्यविशारद. नाटककार ऑस्कर वाइल्ड यांचे ते वडील. त्यांनी 1844 मध्ये स्थापिलेले सेंट मार्क्स रुग्णालय 1897 मध्ये दुसऱ्या एका नेत्ररुग्णालयाशी जोडले गेले आणि त्यांतून डब्लिनचे आजचे रॉयल व्हिक्टोरिया नेत्र व कर्णरुग्णालय निर्माण झाले. वाइल्ड यांनी पाहिलेली साथ बव्हंशी त्याच जातीची होती ज्यास आपल्या खेड्यांतून खुपऱ्या म्हणतात: आधी पापणीच्या आत खरखरीत दाणे, मग व्रण भरून येताना पडणारे वळ, आणि त्या ओढीने आत वळलेली पापणी. म्हणजे आंधळेपण येते ते अखेर पापणीच्या मार्गाने. भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या नात्याने खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये मान्य केले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या वृद्धांच्या पापण्या बाळपणीच्या त्या रोगाने वळून गेल्या आहेत, ते त्या दाखल्याने बरे झाले असे नव्हे.

ज्यांस असे वाटत असेल की ही सारी विद्या पश्चिमेकडून आली, त्यांनी सुश्रुतसंहितेचे उत्तरतंत्र पाहावे. तेथे नेत्ररोगांची संख्या 76 सांगितली असून त्यांपैकी 21 केवळ पापणीचे आहेत. त्या ग्रंथकाराने पापणीस डोळ्याबाहेरचा विषय मानलेले नाही. केस आत वळून बुबुळास टोचणाऱ्या पक्ष्मकोप या विकारात पापणीवरील कातडीचा यवाकार भाग काढून केसाने टाके घालावे, असा विधी त्यात दिलेला आहे, आणि त्यामागचे तत्त्व आजच्या शल्यविशारदासही अपरिचित वाटणार नाही. पुण्याच्या परिसरातील एका कुंभार कारागिराने, टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक मराठा गाडीवानास कपाळावरील कातडीचे नवे नाक करून दिल्याची हकीकत लंडनच्या एका मासिकात ऑक्टोबर 1794 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये इंग्लंडात ती शस्त्रक्रिया केली. कपाळावरील ज्या कातडीचे त्या गाडीवानाचे नाक झाले, तीच कातडी आजही कर्करोगात नष्ट झालेल्या पापणीचा आतला कोपरा बांधून काढण्यास उपयोगी पडते. ज्या प्रांतात हे कौशल्य निरक्षर हातांतही नांदत होते, त्याच प्रांतात आज वळलेल्या पापणीसाठी रुग्णास जिल्हा ओलांडावा लागावा, हे मला फार लागते.

आता आयर्लंडच्या वर्तमान व्यवस्थेकडे वळू. नासमधील माणसाची पापणी लोंबू लागली तर तो प्रथम आपल्या घरच्या डॉक्टरकडे जातो. तो डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो. आणि तेथून दोन वाटा फुटतात. खासगी विमा किंवा खिशात पैसा असेल तर तज्ज्ञाची भेट लवकर मिळते, कारण डब्लिनचे तज्ज्ञ ठराविक दिवशी बाहेरगावच्या खासगी चिकित्सालयांतही रुग्ण तपासावयास येऊन बसतात, आणि असा तज्ज्ञ आपल्या गावात येतो ही गोष्ट वृद्धांस मोठी सोयीची आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पैसा नसेल तर सार्वजनिक यादीत नाव लागते. या याद्यांची लांबी हा येथील राजकारणातील जुना आणि दुखरा विषय आहे. दीर्घकाळ तिष्ठणाऱ्यांसाठी खासगी रुग्णालयांतून उपचार विकत घेण्याचा निधी सरकारने 2002 मध्ये उभारला. तरीही 2017 च्या सुमारास कॉर्क आणि केरी या दक्षिणेकडील परगण्यांतील लोकप्रतिनिधींस वृद्ध मतदारांना बसगाड्यांत बसवून सरहद्दीपलीकडे बेलफास्टला न्यावे लागले, कारण तेथे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर होई आणि युरोपीय नियमांन्वये तिचा खर्च परत मागता येई. या वर्षांत आयर्लंडच्या पंतप्रधानपदी, आणि त्यापूर्वी 2014 ते 2016 या काळात आरोग्यमंत्रिपदी, जे लिओ वराडकर होते त्यांचे वडील मुंबईचे, मूळ घराणे मालवण तालुक्यातील वराडचे, आणि पितापुत्र दोघेही डॉक्टर. वैद्यकाचे ज्ञान असलेला मंत्री लाभूनही यादी सरत नाही, यावरून हा प्रश्न एखाद्या व्यक्तीच्या कुवतीचा नसून, कोणत्या दुखण्यास सरकारी दफ्तरात दुखणे म्हणून मान्यता आहे याचा आहे, असे मला वाटते. त्या बसगाड्या मोतीबिंदूसाठी प्रसिद्ध झाल्या. डोळ्यातून अखंड पाणी वाहते म्हणून कोणी बस काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शोभेची शस्त्रक्रिया कोणती आणि गरजेची कोणती, हा प्रश्न मी टाळू इच्छीत नाही. सरकारी वा विम्याच्या पैशाने केवळ तारुण्य राखण्यासाठी पापणीची घडी काढून द्यावी, असे कोणीही म्हणणार नाही. म्हणून दृष्टिक्षेत्राचा आलेख आणि छायाचित्र मागण्याचा जो शिरस्ता पाश्चात्त्य देशांत आहे तो तत्त्वतः योग्यच आहे. माझी हरकत इतकीच की, कागदावरील नाव पाहून, रुग्णास न पाहता, अर्ज बाजूला सारला जातो. जन्मतःच एक पापणी खाली आलेल्या बालकाचे उदाहरण घ्या. त्याचा डोळा निरोगी असतो. परंतु पापणीमुळे त्यात प्रकाश पुरेसा शिरत नाही, मेंदू त्या डोळ्याचा उपयोग करणे सोडून देतो, आणि लहानपणीचा तो अवधी निघून गेला की पुढे उत्तम शस्त्रक्रियेने पापणी उचलली तरी गेलेली दृष्टी पुरती परतत नाही. अशा बालकास मुलगी असल्यास लग्नाच्या वेळी पाहू, असे सांगणारी वडीलधारी माणसे आपल्याकडे आहेत, आणि यादीत योग्य क्रमाने नंबर येईल, असे सांगणारी दफ्तरे इकडे आहेत. उलटपक्षी, तान्ह्या मुलाच्या डोळ्यातून पाणी येत असेल तर बहुधा वर्षाच्या आत अश्रुमार्ग आपोआप मोकळा होतो, नाकाच्या मुळाशी बोटाने हलका दाब देत चोळणे पुरे होते, आणि अशा बालकाच्या डोळ्यात काजळ मुळीच घालू नये. केव्हा शस्त्र उचलावयाचे आणि केव्हा हात आवरावयाचा हे जाणणारा माणूस जवळ असणे, एवढीच मागणी आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वाधिक टोकदार होतो तो मोतीबिंदूच्या शिबिरांत. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या अश्रुमार्गात बारीक नळीने पाणी सोडून तो मोकळा आहे की नाही हे पाहण्याचा आपल्याकडे रिवाज आहे, आणि तो अत्यंत शहाणपणाचा आहे. कारण अश्रुपिशवीत पू साठला असेल, जुनी माणसे ज्यास नासूर म्हणत तो विकार असेल, तर त्यातील जंतू डोळ्यात शिरून शस्त्रक्रिया केलेला डोळा कायमचा जाण्याचा धोका असतो. म्हणून अशा रुग्णास परत पाठविले जाते. हा विकार मध्यमवयीन आणि वृद्ध स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक असतो. तिला सांगितले जाते की आधी पिशवीचे ऑपरेशन करून ये. कोठे? तालुक्याच्या रुग्णालयात ते होत नाही. शहरात राहावयास जागा नाही. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. ती घरी जाते, चुलीच्या धुरास दोष देते, आणि मोतीबिंदूने व पुवाने दुहेरी पीडलेला डोळा पदराने पुशीत राहते. इटलीतील टोटी यांनी 1904 मध्ये अश्रुपिशवी आणि नाक यांमधील हाडास खिडकी पाडून अश्रूंस नवी वाट करून देण्याची जी शस्त्रक्रिया वर्णिली, ती आज भूल न देता, जागा बधिर करूनही करता येते आणि बहुतेक रुग्णांस कायमचा आराम देते. विद्या उपलब्ध आहे. परत पाठविलेल्या बाईचे नाव मात्र कोणत्याही रकान्यात नाही.

अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, त्याने असंख्य घरांत उजेड आणला आहे, आणि त्यातील सेवाभावी डॉक्टरांविषयी माझ्या मनात आदराखेरीज दुसरी भावना नाही. परंतु ज्या कार्यक्रमाच्या यशाचे मुख्य माप मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची संख्या हेच राहिले, त्यात जे त्या मापात बसत नाही ते दृष्टीआड होणे स्वाभाविक होते. 2021 च्या उन्हाळ्यात या उपेक्षेची किंमत आपण पाहिली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या संयोगाने, म्युकरमायकोसिस हा बुरशीचा रोग देशात 40,000 हून अधिक लोकांस झाला, महाराष्ट्र त्यात अग्रभागी होता, आणि नाकातून खोबणीत शिरलेल्या त्या बुरशीस मेंदूपर्यंत पोहोचू न देण्यासाठी कित्येकांचा डोळा खोबणीतील सर्व घटकांसह काढावा लागला. तेव्हा राज्यशासनाने महात्मा फुले योजनेतून उपचारांची तरतूद केली, दुर्मीळ झालेल्या अँफोटेरिसिनच्या कुप्यांचे वाटप केले, जे करणे शक्य होते ते केले. त्या रुग्णांचे प्राण वाचले, आणि तेथे त्यांची नोंद संपली. रिकाम्या खोबणीवर बसविण्याचा कृत्रिम डोळा आणि चेहऱ्याचा भाग कोण करून देणार, तो झिजल्यावर कोण बदलणार, अर्धा चेहरा रुमालाने झाकून कामावर जाणाऱ्या माणसास कोण कामावर ठेवणार, हे प्रश्न त्या त्या कुटुंबावर सोडले गेले. अशा माणसास लोकांत वावरता यावे म्हणून जो कृत्रिम डोळा बसवावयाचा, त्यास कोणी शोभेची वस्तू म्हणू लागला तर त्याच्याशी वाद घालण्याची माझी तयारी आहे.

प्रत्येक जिल्ह्यास या शाखेचा पूर्णवेळ तज्ज्ञ मिळेल असे स्वप्न मी रंगवीत नाही. तितके तज्ज्ञ आज नाहीतच. परंतु नासमध्ये जी सोय फीच्या बळावर होते, म्हणजे मोठ्या शहरातील तज्ज्ञाने ठरलेल्या दिवशी लहान गावी येऊन बसणे, ती गडचिरोली, नंदुरबार वा सिंधुदुर्ग येथे सरकारी खर्चाने का होऊ नये? मुंबई, पुणे व नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील तज्ज्ञांनी महिन्यातून एक ठरलेला दिवस जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रिया करावी, तेथील नेत्रविशारदांस वळलेल्या पापणीची आणि बुजलेल्या अश्रुमार्गाची शस्त्रक्रिया आपल्यासमोर करावयास लावून शिकवावी, आणि पापणीचे कर्करोग व खोबणीचे अवघड रोग तेवढे शहरात न्यावे. शिबिराच्या नोंदवहीत अश्रुमार्गाच्या दोषामुळे परत पाठविलेल्यांसाठी एक रकाना असावा. त्यात नाव, गाव आणि पुढील तारीख लिहिली जावी. आणि शिबिर उठण्यापूर्वी त्या तारखेची चिठ्ठी, येण्याजाण्याच्या खर्चाच्या मंजुरीसह, रुग्णाच्या हाती पडावी. नवा कायदा, नवी इमारत वा नवे यंत्र यांपैकी कशाचीही यासाठी गरज नाही. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या एका परिपत्रकाने हे येत्या हिवाळ्यातील शिबिरांपासून सुरू होऊ शकते.